मासे मोजणारे डॉक्टर

डॉ. फ्रान्सिस डे यांचा जन्म १८२९ साली इंग्लंडात झाला. ते मद्रासच्या पलटणीत डॉक्टर, पण जीव सगळा माशांत! कोचीनला असताना गोळा केलेल्या माशांवर १८६५ साली त्यांनी पुस्तक काढले. मासा हाती आला की ते त्याचे पर, काटे, खवले मोजायचे. आपला मिरकरवाड्याचा बांगडाच बघा ना, शेपटीजवळ वर पाच नि खाली पाच छोटे पर असतात. अशा खुणांवरूनच जात ओळखतात.

१८७५ ते १८७८ मध्ये त्यांचा भारतातील माशांवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात सुमारे १४०० जाती आहेत. पण लंडनच्या संग्रहालयातले माशांचे तज्ज्ञ गुंथर यांच्याशी त्यांचे पटेना. मग बरेच मासे त्यांनी सिडनीच्या संग्रहालयाला विकले. १८८९ साली डे वारले. आपल्या देशातले ते मासे अजून तिथेच आहेत.