तापातून औषध शोधणारे डॉ. कोली

मोठ्या आतड्यातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर तिच्यात केवळ कर्कपेशी सापडत नाहीत. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशीही तिच्यात शिरलेल्या असतात. त्या किती आहेत, गाठीच्या मध्यापर्यंत पोहोचल्या आहेत की कडेलाच अडल्या आहेत, यावरून रुग्ण पुढे किती जगेल याचा अंदाज बांधता येतो. शरीर स्वतःच कर्करोगाशी झुंज देते, ही कल्पना आता रुळली आहे. तिच्या मागे लागून न्यूयॉर्कचे शल्यविशारद डॉ. विल्यम कोली यांनी आयुष्याची चार दशके खर्ची घातली. हयातीत मात्र त्यांच्या पदरी मानापेक्षा उपेक्षाच अधिक पडली.

कोली यांचा जन्म १२ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात झाला. येल विद्यापीठाची पदवी, दोन वर्षे शिक्षकाची नोकरी आणि १८८८ मध्ये हार्वर्डची वैद्यकीय पदवी, असा त्यांचा प्रवास झाला. १८९० मध्ये त्यांच्याकडे हाताला सूज आलेली सतरा वर्षांची मुलगी उपचारांसाठी आली. उद्योगपती रॉकफेलर यांच्या मुलाची ती जिवलग मैत्रीण. तिला हाडाचा सार्कोमा असल्याचे निष्पन्न झाले. कोली यांनी कोपराखाली तिचा हात कापला. पण रोग अंगभर पसरला आणि जानेवारी १८९१ मध्ये ती दगावली. अवघ्या २९ वर्षांच्या या डॉक्टरला तो मृत्यू चटका लावून गेला.

शस्त्रक्रियेपलीकडे काही उपाय आहे का, हे शोधण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्क हॉस्पिटलमधील सार्कोमाच्या रुग्णांची जुनी दफ्तरे उपसली. त्यात एका जर्मन स्थलांतरिताची नोंद त्यांना आढळली. मानेवरची त्याची गाठ वारंवार कापूनही पुन्हा वाढत होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. अशा वेळी त्याला विसर्प, म्हणजे त्वचेचा तीव्र जंतुसंसर्ग झाला. तापाने तो फणफणला. पण ताप उतरला तेव्हा गाठही ओसरली होती. हा माणूस पुढे जगला का, हे कागदावर नव्हते. कोली यांनी मॅनहॅटनमधील गरीब स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या वस्त्या पायाखाली घातल्या आणि त्याला हुडकून काढले. सात वर्षांनंतरही तो ठणठणीत होता.

आता कोली यांनी मोठे धाडस केले. रुग्णाला मुद्दाम विसर्पाचे जिवंत जंतू टोचायचे! पेनिसिलीन उपचारात यायला तेव्हा अर्धे शतक अवकाश होता. संसर्ग हाताबाहेर गेला, तर तो आवरण्याचे साधन कुणाकडेच नव्हते. पहिला रुग्ण घशात व मानेत गाठी असलेला, मरणपंथाला लागलेला एक इटालियन होता. अनेक महिने टोचूनही त्याला धड संसर्ग होईना. अखेर बर्लिनहून, रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतून, ताजे जंतू आले. ताप भडकला आणि दोन आठवड्यांत मानेतील गाठ विरघळू लागली. तो माणूस आणखी आठ वर्षे जगला. सगळेच इतके सुदैवी नव्हते. काहींना संसर्ग होत नसे, तर काही त्या संसर्गानेच दगावले.

त्यामुळे कोली मृत जंतूंकडे वळले. दोन प्रकारचे जंतू मारून केलेले हे मिश्रण पुढे ‘कोलीचे टॉक्सिन’ म्हणून ओळखले गेले. १८९३ च्या जानेवारीत पोटात भलीमोठी गाठ असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला ते प्रथम दिले गेले. काही महिन्यांत गाठ जवळपास नाहीशी झाली. तो मुलगा २६ वर्षांनंतर वारला, तोही हृदयविकाराने.

एवढे होऊनही हे औषध मागे पडले. त्याचे खापर केवळ विरोधकांवर फोडणे न्याय्य ठरणार नाही. मिश्रणाचे प्रकार डझनाहून अधिक होते आणि त्यांची ताकद सारखी नव्हती. मात्रा ठरलेली नव्हती, नोंदी अपुऱ्या होत्या. इतर डॉक्टरांना तेच यश मिळेना, तेव्हा मूळ निदानावरच शंका घेतली गेली. मुख्य म्हणजे, गाठ का विरघळते, याचे उत्तर खुद्द कोली यांच्याकडेही नव्हते. कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी असल्याचे जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्शो यांनी १८६३ मध्येच पाहिले होते. पण त्या तेथे काय करतात, हे कळण्याइतके शास्त्र पुढे गेलेले नव्हते. त्यातच क्ष-किरण आणि रेडियम आले. कोली यांच्याच मेमोरियल हॉस्पिटलमधील नामांकित विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग किरणोपचारांचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि टॉक्सिनचे तितकेच कट्टर विरोधक. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत कोली यांचा दबदबा होता, म्हणून त्यांची प्रतिष्ठा टिकली. १६ एप्रिल १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

वडिलांची कागदपत्रे चाळताना त्यांची कन्या हेलन कोली नॉट्स यांच्या हाती रुग्णांच्या नोंदी लागल्या. वैद्यकीय शिक्षण नसताना त्यांनी सुमारे एक हजार रुग्णांची माहिती जुळवली. १९५३ मध्ये त्यांनी कर्करोग संशोधनासाठी संस्था उभी केली. तिला पहिली मदत नेल्सन रॉकफेलर यांनी दिली. १८९१ मध्ये दगावलेल्या त्या मुलीच्या मित्राचेच ते पुत्र.

फिर्शो यांनी पाहिलेल्या पेशींचा हिशेब मात्र आतड्याच्या कर्करोगात लागला. पॅरिसचे जेरोम गालाँ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये शेकडो रुग्णांच्या गाठींतील टी-पेशी मोजल्या. गाठीच्या मध्यात आणि कडेला या पेशी दाट असलेल्यांमध्ये रोग कमी उलटला व ते अधिक जगले. गाठ किती खोल गेली, लसीकाग्रंथींत पोहोचली का, या रूढ निकषांहूनही ही मोजदाद सरस ठरली. २०१८ मध्ये अनेक देशांतील २,६८१ रुग्णांच्या पाहणीत तिला दुजोरा मिळाला. अहमदाबादची कर्करोग संस्थाही त्यात सहभागी होती.

मग या पेशींना अडवणारा लगामच काढला तर? कोली यांच्या रुग्णालयाची वारस असलेल्या मेमोरियल स्लोन केटरिंग संस्थेने जून २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुदाशयाच्या एका विशिष्ट कर्करोगाच्या पहिल्या बारा रुग्णांना हा लगाम सोडवणारे डोस्टार्लिमॅब हे औषध सहा महिने देण्यात आले. बाराही जणांची गाठ नाहीशी झाली. तोवर त्यांपैकी एकालाही शस्त्रक्रिया वा किरणोपचार घ्यावे लागले नव्हते.