शेक्सपिअरच्या घरचा धंदा होता मऊ चामड्याचा

साल १५५२. इंग्लंडच्या स्ट्रॅटफर्ड गावात रस्त्यावर उकिरडा केला म्हणून जॉन शेक्सपिअरला दंड झाला. याच जॉनचा मुलगा पुढे जगाचा नाटककार झाला.

जॉन हातमोजे शिवायचा आणि त्यासाठीचं मऊ चामडंही स्वतःच कमवायचा. विल्यम १५६४ मध्ये जन्मला आणि याच वासात वाढला. बूट-खोगिरांचं जाड चामडं ओकच्या सालीत कमावलं जायचं. जॉनचं काम वेगळं होतं. शेळी, मेंढी, हरणाची कातडी तुरटी आणि मिठात मुरायची. हो, आपल्याकडे न्हावी दाढीनंतर फिरवतो तीच तुरटी! जोडीला अंड्याचा बलक आणि पीठ. त्यातून पांढरं, लुसलुशीत चामडं निघायचं. खोड एकच, भिजलं की तुरटी धुऊन जाते आणि चामडं कडक होतं.

धंदा इतका चालला की १५६८ मध्ये जॉन गावचा प्रमुख झाला. मग चक्रं फिरली. लोकरीच्या बेकायदा व्यापाराचे खटले, कर्ज, बायकोची वडिलोपार्जित जमीन गहाण. गावच्या सभेला जाणंही त्याने सोडलं. विल्यम तेव्हा ऐन पोरवयात होता. अठराव्या वर्षी लग्न, मग तीन मुलं, आणि १५९२ पर्यंत तो लंडनच्या नाटकधंद्यात पोचलेला दिसतो.

पण कातडं काही सुटलं नाही. 'ट्वेल्फ्थ नाईट'मधला विदूषक वाक्याला करडाच्या कातड्याच्या हातमोज्याची उपमा देतो, कारण दोन्ही सहज उलटवता येतात. ही उपमा सुचायला तसा मोजा हाताळलेलाच बरा.

१५९६ मध्ये जॉनला कुळाचं मानचिन्ह मिळालं. पाच वर्षांनी तो वारला, विल्यम १६१६ मध्ये.

आज त्या काळचे वेश शिवणाऱ्यांना जॉनचंच गणित सोडवावं लागतं. मेंढीचं कातडं मऊ, पण चटकन फाटतं. शेळीचं पातळ असून चिवट, म्हणून हातमोज्याला उत्तम. हरणाचं अंगावर छान पडतं, पण ताणलं जातं. बाजारात मिळतं ते बहुतेक क्रोमने कमावलेलं असतं, आणि ती पद्धत तर एकोणिसाव्या शतकातली. कापलेल्या कडेला निळसर-राखाडी झाक दिसली, तर ते बहुधा क्रोमचंच. तुरटीचं चामडं मिळालंच, तर नटाच्या घामापासून ते जपावं लागतं.