सरहद्द गांधी : खान अब्दुल गफारखान

ज्याला राग येत नाही आणि ज्याला मानापमानाची चाड नाही, तोच अहिंसेच्या मार्गाने जाऊ शकतो, असा एक समज आहे. खान अब्दुल गफारखान यांचे जीवन या समजाला छेद देते. राग आणि अभिमान ही ज्या समाजाची ओळख मानली जात होती, त्याच समाजातून त्यांनी निःशस्त्र सैनिकांची फौज उभी केली.

गफारखानांचा जन्म १८९० साली पेशावरजवळच्या उत्मानझाई या गावी झाला. वायव्य सरहद्द प्रांतातील हे गाव आज पाकिस्तानात आहे. वडील बेहराम खान हे गावचे मोठे जमीनदार होते. पठाण समाज शूर, अतिथीसाठी प्राण देणारा आणि कमालीचा मानी. परंतु अपमानाचा सूड उगवणे हेही तेथे कुळाचे कर्तव्य समजले जाई. या प्रथेला ‘बदल’ असे म्हणत. एका खुनातून दुसरा खून घडे आणि वैर पिढ्यान्‌पिढ्या चालू राही. बेहराम खान मात्र वैऱ्यांना क्षमा करणारे गृहस्थ म्हणून ओळखले जात.

पेशावरच्या मिशन शाळेत शिकत असताना गफारखानांना ब्रिटिश सैन्याच्या ‘गाइड्स’ या नामांकित पलटणीत अधिकारपद मिळण्याची संधी चालून आली. त्याच सुमारास एका इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पठाण मित्राचा केलेला अपमान त्यांनी पाहिला. मित्र स्वतः अधिकारी असूनही निमूट राहिला. ते पाहून गफारखानांनी त्या पदावर पाणी सोडले. त्यांच्या स्वाभिमानाला ठेच लागली होती. परंतु त्या संतापाने त्यांच्या हाती बंदूक दिली नाही. आपला समाज अज्ञान आणि आपसांतील वैर यांमुळे दुबळा झाला आहे, हे त्यांनी ओळखले. १९१० साली त्यांनी गावात शाळा काढली आणि पुढे खेडोपाडी हिंडून लोकजागृती केली. त्यासाठी त्यांना तुरुंगवासही सोसावा लागला.

१९२९ साली त्यांनी ‘खुदाई खिदमतगार’, म्हणजे ईश्वराचे सेवक, ही संघटना स्थापन केली. ईश्वराला सेवेची गरज नाही. त्याच्या लेकरांची सेवा हीच त्याची सेवा, ही त्यामागील भूमिका होती. हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, छळ करणाऱ्याला क्षमा करीन आणि रोज किमान दोन तास समाजकार्य करीन, अशी शपथ प्रत्येक सैनिकाला घ्यावी लागे. येथे गफारखानांची दूरदृष्टी दिसते. दिलेला शब्द मोडणे ही पठाणाला सर्वांत मोठी नामुष्की वाटे. गफारखानांनी लोकांचा अभिमान नष्ट केला नाही. तो सूडाकडून वचनपालनाकडे वळवला.

या शपथेची कसोटी लवकरच लागली. २३ एप्रिल १९३० रोजी गफारखानांना अटक झाली. त्याच दिवशी पेशावरच्या किस्साखानी बाजारात जमलेल्या लोकांवर चिलखती गाड्या घालण्यात आल्या. प्रक्षोभात एक गाडी पेटली आणि सैन्याने गोळीबार सुरू केला. अनेक माणसे मृत्युमुखी पडली. ज्यांच्या घरोघरी शस्त्रे होती, ते लोक रिकाम्या हातांनी गोळ्यांसमोर उभे राहिले. चंद्रसिंह गढवाली यांच्या नेतृत्वाखालील गढवाली सैनिकांनी निःशस्त्रांवर गोळ्या झाडण्यास नकार दिला आणि त्याबद्दल दीर्घ तुरुंगवास पत्करला. दडपशाहीनंतर खुदाई खिदमतगारांची संख्या घटण्याऐवजी झपाट्याने वाढली.

१९३४ साली सुटका झाल्यावर गफारखानांना स्वतःच्या प्रांतात जाण्यास बंदी होती. तेव्हा ते वर्ध्याला गांधीजींच्या सहवासात राहिले. मुंबईत केलेल्या एका भाषणाबद्दल त्यांना तेथेच पुन्हा अटक झाली. अहिंसा हे त्यांच्या दृष्टीने केवळ स्वराज्य मिळवण्याचे साधन नव्हते. १९४० साली काँग्रेसने काही अटींवर युद्धात सहकार्य करण्याची तयारी दर्शवली, तेव्हा त्यांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला.

१९४७ च्या फाळणीने त्यांचे हृदय विदीर्ण झाले. पाकिस्तानातही त्यांना वर्षानुवर्षे कारावास भोगावा लागला. दोन्ही राजवटी मिळून त्यांच्या आयुष्यातील जवळजवळ तीन दशके बंदिवासात गेली. तरीही त्यांनी सूडाची भाषा वापरली नाही. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त ते भारतात आले, तेव्हा जातीय दंगलींनी व्यथित होऊन त्यांनी उपोषण केले. १९८७ साली भारत सरकारने त्यांना ‘भारतरत्न’ या किताबाने गौरवले. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार अफगाणिस्तानातील जलालाबाद येथे त्यांचे दफन करण्यात आले.

भीतीपोटी गप्प बसणे म्हणजे अहिंसा नव्हे. अन्यायाची चीड मनात जागी ठेवून, वैऱ्याविषयीचा द्वेष तेवढा मनातून काढून टाकणे, हे फार अवघड काम आहे. बादशाहखानांनी ते स्वतः केले आणि हजारो मानी माणसांकडून करवून घेतले. यातच त्यांचे थोरपण आहे.