खंडाळ्याची मेनका

१९३६ सालचे बर्लिन म्हटले की आपल्या अमरावतीकरांची मान ताठ होते. ऑलिंपिकच्या निमित्ताने हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसारखे देशी खेळ दाखवले, ही गोष्ट इथे आजोबांनी नातवंडांना सांगावी अशी. पण त्याच शहरात ऑलिंपिकच्या आधी, जुलैत, आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली होती आणि तिथे मुंबईच्या एका बाईंच्या नृत्यपथकाचा गौरव झाला, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. बाईंचे नाव लीला सोखी. रंगमंचावरचे नाव मेनका.

विश्वामित्राचे तप मोडणाऱ्या अप्सरेचे नाव घ्यायचे, तेही कुलीन घरातल्या बाईने, याला त्या काळी छाती लागत होती. जन्म १८९९ चा, बारीसालचा. वडील बंगाली बॅरिस्टर, आई इंग्रज. शिक्षण काही काळ इंग्लंडात, हातात व्हायोलिन. यजमान डॉ. साहिबसिंग सोखी लष्करी डॉक्टर; पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक झाले. कथक तेव्हा दरबारात आणि कोठीवर. आपल्या वऱ्हाडातसुद्धा दंडारीत लुगडे नेसून नाचायचा तो पुरुषच! अशा दिवसांत या बाई सीताराम प्रसाद, अच्छन महाराज, लच्छू महाराज यांच्यापुढे शिकायला बसल्या.

शिकून त्यांनी जे केले ते अधिक धाडसाचे. कथक म्हणजे एकट्याचा नाच. समोर जाणकार, जवळ तबला, आणि रात्र सरेपर्यंत रंगणारी मैफल. मेनकांनी त्यात कथा आणली, अनेक नर्तक आणले, प्रवेश आखले आणि सगळे तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे मांडले. 'कृष्णलीला', 'देवविजय' आणि मग कालिदासाचे 'मालविकाग्निमित्रम्'. या नाटकाची नायिका आपल्या विदर्भाची राजकन्या. ओळख लपवून ती परक्या राजवाड्यात राहते. दोन नृत्याचार्यांचे भांडण लागते, आणि कोणाची शिकवण सरस हे ठरवण्यासाठी तिला राजापुढे नाचावे लागते. नाच शिकण्याशिकवण्यावरच उभी असलेली ही गोष्ट मेनकांच्या हाती पडावी, यात नवल नाही.

१९३६ ते १९३८ त्यांचे पथक युरोपभर फिरले. शेकडो प्रयोग झाले. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला नाचाआधी तिकिटे, पगार, मुक्काम यांचे आकडे दिसतात, आणि छातीत धडकी भरते. टाळ्या वाजवणाऱ्या जर्मनीत तेव्हा हिटलरचे राज्य होते, हेही लपवायचे कारण नाही. त्या गौरवावर ती सावली आहेच.

परतल्यावर खंडाळ्याला त्यांनी नृत्यालयम् चालवले. कथक, कथकली, मणिपुरी एकाच छपराखाली, प्रत्येकाचे गुरू वेगळे. शाळा फार वर्षे टिकली नाही. पुढे दुखण्याने गाठले आणि ३० मे १९४७ रोजी, स्वातंत्र्य अडीच महिन्यांवर असताना, सत्तेचाळिसाव्या वर्षी बाई गेल्या.

युरोपच्या दौऱ्यात त्यांच्याबरोबर दमयंती जोशी नावाची एक लहानगी होती. सोखी दांपत्याने आपले मूल गमावले होते. त्यांना ती दत्तक हवी होती. मुलीची आई कबूल होईना. शेवटी दोन्ही घरांनी मिळून तिला वाढवायचे ठरले. समूहनृत्य उभे करणाऱ्या बाईंची ही मुलगी पुढे नावारूपाला आली ती मात्र एकट्याने कथक नाचणारी म्हणून.