डिडी : घाई न करणारा चॅम्पियन

29 जून 1958, स्टॉकहोम. वर्ल्ड कपची फायनल. यजमान स्वीडननं चौथ्याच मिनिटाला गोल ठोकला आणि ब्राझीलच्या पोटात गोळा आला. 1950 ला घरच्याच मैदानावर हातातोंडाशी आलेला कप गेला होता. ती जखम अजून ओली होती. अशा वेळी मिडफिल्डर डिडीनं बॉल उचलला आणि सावकाश चालत सेंटरकडे निघाला. टीमला धीर द्यायची ही त्याची पद्धत. ब्राझील 5-2 नं जिंकलं. नाव झालं 17 वर्षांच्या पेलेचं, पण स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला डिडी.

खरं नाव वाल्दिर परेरा. जन्म 1928 चा, काम्पोस गावातला. चौदाव्या वर्षी गुडघ्यात असा संसर्ग झाला, की पाय कापायची वेळ आली होती. कित्येक महिने व्हीलचेअरवर गेले. पण 1950 मध्ये नव्याकोऱ्या माराकाना स्टेडियमवरचा पहिला गोल याच पठ्ठ्यानं मारला! त्याची फ्री किक वर जायची आणि अचानक खाली यायची. लोक तिला ‘वाळलेलं पान’ म्हणायचे. 1957 मध्ये पेरूविरुद्ध याच किकनं ब्राझीलला वर्ल्ड कपचं तिकीट मिळवून दिलं.

1959 मध्ये रेआल माद्रिदनं त्याला नेलं, पण तिथला हुकमी एक्का डी स्टेफानोशी त्याचं काही जमलं नाही. तो परतला आणि 1962 चा वर्ल्ड कपही जिंकला.

1970 मध्ये तो त्याच पेरूचा कोच होता. क्वार्टर फायनलला समोर आलं ब्राझील. पेरू 2-4 नं हरलं, पण न घाबरता, अटॅक करत. अगदी डिडीसारखं. 2001 मध्ये तो गेला.