निकोलाय व्हाविलोव

आपल्या ताटांतील प्रत्येक धान्याला रानांत राहणारे भाऊबंद आहेत, ही गोष्ट निदान शेतकऱ्यांच्या मुलांना तरी नवी वाटूं नये. पाणथळ जागीं आपोआप उगवणारें देवभात आमच्या कोंकणांतील वाचकांनीं पाहिलें असेल. त्याचे पराग वाऱ्यानें शेजारच्या भातावर पडतात आणि मधून मधून दोहोंचा संकर होतो. शेतकरी त्याला भेसळ म्हणून नांवें ठेवितो. परंतु ह्या भाऊबंदांचें मोल जगाला पटविण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या रशियन शास्त्रज्ञाची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

निकोलाय व्हाविलोव ह्यांचा जन्म सन १८८७ मध्यें मॉस्को येथें एका व्यापाऱ्याच्या घरीं झाला. तेथेंच शेतकीचें शिक्षण संपवून पुढें इंग्लंडांत बेटसन ह्यांच्यापाशीं ते आनुवंशिकतेचें शास्त्र शिकले.

सन १९१६ मध्यें इराण व पामीर ह्या डोंगराळ प्रदेशांत फिरत असतां त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. खालच्या शेतांत गव्हामध्यें राय ह्या धान्याचीं थोडीं रोपें तण म्हणून उगवत. जसजसें वर चढावें, तसतसा थंडीनें गहूं मागें पडे व राय वाढे. आणि अगदीं उंचावर शेतांत रायच उरे. लोक मग तेंच पीक म्हणून घेत. उपटून टाकावयाचें तण अशा रीतीनें अन्न झालें होतें! रान आणि शेत ह्यांच्यामधील बांध आपण समजतों तितका पक्का नाहीं, हें त्यांनीं तेथें ओळखिलें.

सन १९२१ पासून पेत्रोग्राड (पुढें लेनिनग्राड) येथील संस्थेची धुरा वाहतांना त्यांनीं अफगाणिस्तान, ॲबिसीनिया, अमेरिका असे दूरदूरचे प्रवास केले व सुमारें अडीच लक्ष नमुने जमविले. भाताचें माहेर त्यांनीं हिंदुस्थानांत मानिलें. सन १९२९ मध्यें अल्मा-आताजवळील डोंगरांवर त्यांना रानटी सफरचंदांचीं वनेंच्या वनें दिसलीं, व सफरचंदाचें मूळ हेंच असें त्यांनीं जाणलें. सन २०१२ मधील संशोधनानें ह्या मताला दुजोरा दिला. शिवाय तें फळ पश्चिमेकडे जातां जातां युरोपांतील आंबट रानफळाशींहि भरपूर मिसळलें, असें दिसून आलें. शेतांत लाडानें वाढलेलें पीक रोगापुढें हात टेंकतें. रानटी आप्त मात्र थंडी, अवर्षण व तांबेरा सोसून टिकलेला असतो. त्याचा गुण संकरानें पिकांत आणतां येतो, म्हणूनच हा खटाटोप.

दुर्दैवानें लायसेंको नांवाच्या गृहस्थानें आनुवंशिकतेचें शास्त्रच खोटें ठरविलें, आणि स्टालिनची मर्जी त्याच्यावर होती. व्हाविलोव ह्यांनीं उघड विरोध केला. ऑगस्ट १९४० मध्यें युक्रेनच्या पश्चिम भागांत बियाणें गोळा करीत असतांनाच त्यांना पकडण्यांत आलें. त्या दिवशींच्या त्यांच्या पिशवींत अर्धरानटी गव्हाच्या ओंब्या होत्या, असें सोबत्यांनीं सांगितलें आहे. देहान्ताची शिक्षा पुढें कमी झाली. परंतु २६ जानेवारी १९४३ रोजीं, जगाच्या भुकेचा विचार करणारा हा पुरुष साराटोव्हच्या तुरुंगांत उपासमारीनें मरण पावला.

त्याच सुमारास लेनिनग्राडला शत्रूचा वेढा पडला होता. संस्थेंतील कित्येक सेवक अन्नावांचून मेले. त्यांत भाताच्या बियांचा सांभाळ करणाराहि एक होता. भोंवतीं तांदुळाच्या पुड्या होत्या, पण एकीलाहि त्यानें हात लाविला नाहीं.

सन १९५५ मध्यें व्हाविलोव निर्दोष ठरविले गेले. ती संस्था आज त्यांच्याच नांवानें चालते.