विश्लेषण : शोगुन इएयासूला आडनाव आणि वंशावळ मिळाली कशी?

२०२४ मध्ये गाजलेल्या ‘शोगुन’ मालिकेतील तोरानागा हे पात्र तोकुगावा इएयासूवर बेतलेले आहे. हा इएयासू जन्माने मात्र तोकुगावा नव्हता. हे आडनाव त्याने ऐन विशीत दरबाराकडून मंजूर करून घेतले. सामुराई घराण्यांच्या वंशावळी आणि कुलचिन्हे आता मोबाइलवर पाहता येतात. त्या उघडण्याआधी त्याची ही गोष्ट माहीत असलेली बरी.

ओलीस मुलगा ते प्रांताचा धनी

इएयासूचा जन्म १५४३ मध्ये ओकाझाकी किल्ल्यात, मात्सुदाइरा घराण्यात झाला. मिकावा प्रांतातले हे घराणे दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या कात्रीत सापडले होते. त्यामुळे त्याचे लहानपण आधी ओदा आणि मग इमागावा घराण्याकडे ओलीस म्हणून गेले. १५६० मध्ये ओकेहाझामाच्या लढाईत इमागावा योशिमोतो मारला गेला आणि इएयासू घरी परतला. पुढच्या सहा वर्षांत त्याने मिकावावर पकड बसवली.

आडनाव का बदलले?

तलवारीने मिळवलेला प्रांत आता कागदावर आणायचा होता. १५६६ मध्ये त्याने क्योतोच्या दरबाराकडे ‘मिकावाचा सुभेदार’ ही पदवी मागितली. अडचण अशी, की मात्सुदाइरा घराण्यातील कुणाला असे पद दिल्याचा दाखलाच नव्हता.

दरबारी उमराव कोनोए साकिहिसाने मध्यस्थी केली. शोधाशोधीत एका दरबारी घराण्याकडे सोयीचा जुना कागद सापडला. मिनामोतो कुळातील नित्ता घराण्याच्या तोकुगावा शाखेचा एक भाग पुढे फुजिवारा झाला, असे त्यात म्हटले होते. त्या आधारे पदवी मिळाली आणि मात्सुदाइरा इएयासू तोकुगावा झाला. म्हणजे कुळ आधी लागले नाही. पद हवे होते म्हणून कुळ शोधले गेले.

गंमत पुढेच आहे. तेव्हा फुजिवारा म्हणून पदवी घेणारा इएयासू १६०३ मध्ये शोगुन झाला तो मिनामोतो म्हणून. त्याआधीच्या कामाकुरा आणि मुरोमाची राजवटींचे संस्थापक याच कुळातले होते. मात्सुदाइरा आणि नित्ता यांना जोडणाऱ्या दुव्यावर इतिहासकार आजही शंका घेतात. १६१६ मध्ये इएयासू वारला. १६४१ मध्ये त्याचा नातू इएमित्सूने सरदार घराण्यांच्या वंशावळी जमा करण्याचा हुकूम दिला. १६४३ मध्ये पूर्ण झालेल्या त्या संचात शोगुनचे घराणे अर्थातच मिनामोतो कुळात आहे.

तीन पानांचे चिन्ह

तोकुगावांचे कुलचिन्ह म्हणजे वर्तुळात ‘आओई’ वनस्पतीची तीन पाने. क्योतोच्या कामो देवस्थानाशी जोडलेल्या या वनस्पतीला प्रत्यक्षात साधारणपणे दोनच पाने असतात. सत्ता आल्यावर या चिन्हाच्या वापरावर निर्बंध आले. एरवी मात्र एकच चिन्ह अनेक असंबंधित घराणी वापरत. त्यामुळे चिन्ह जुळले म्हणून नाते जुळले, असे होत नाही.

मोबाइलवर काय सापडते?

जपानच्या नॅशनल डाएट लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात १८१२ मध्ये पूर्ण झालेल्या ‘कान्सेई’ वंशावळ संचाची छापील आवृत्ती आहे. मूळ संच दीड हजारांहून अधिक खंडांचा. माहिती घराण्यांनीच पुरवलेली असली, तरी इथल्या संपादकांनी काही दाव्यांपुढे शंकाही नोंदवल्या आहेत. म्हणून एकाच घराण्याची १६४३ आणि १८१२ ची नोंद शेजारी ठेवून पाहावी. जुन्या पिढ्यांबाबत सावध राहावे. सोळाव्या शतकाच्या अखेरीनंतरच्या नोंदी सहसा अधिक भरवशाच्या.

चिन्हांसाठी ‘बुकान’ पाहावे. ही एदो काळातील प्रकाशकांची सरदार-सूची. त्यात नाव, चिन्ह, उत्पन्न आणि एदोतील वाड्याचा पत्ता असे. तिच्या अनेक आवृत्त्या स्कॅन होऊन मोफत उपलब्ध आहेत. लिपी वळणदार असल्याने आजच्या जपानी माणसालाही ती सहज वाचता येत नाही. त्यासाठी २०२१ मध्ये आलेले ‘मिवो’ अ‍ॅप फोटोतील अक्षरे आजच्या लिपीत दाखवते. वाचनात चुका होतात, त्यामुळे नावे ताडून घ्यावी लागतात.